भेसळ

जालन्यात, एमआयडीसीच्या मागल्या गल्लीत
मी बियाणं तपासते.
कपाशीचा दाणा दळायचा, अर्क जेलवर सोडायचा,
निळ्या रेघा एका ओळीत उभ्या राहिल्या
तर लॉट पास.
एखादी जरा सरकली
की वहीत लिहायचं : भेसळ.

मीनल आणि मी
एकाच दाण्याची डाळ.
पाठमोऱ्या उभ्या राहिलो तर आईही चुकते.
जेलवर आम्हाला घातलं असतं
तर मी डोळे झाकून सही केली असती.

नववीत तिला तहान लागली.
मार्च होता, सगळ्यांनाच लागते,
कुणी मनावर घेतलं नाही.
गणवेशाचा पट्टा दोन भोकं आत गेला.
मग एका पहाटे तिच्या श्वासाला
फार पिकलेल्या सीताफळाचा वास,
आणि जीप करून घाटी.

काझी मॅडमनी केसपेपरच्या पाठीवर
सहावं गुणसूत्र काढलं, दोऱ्यासारखं,
त्यावर एक ठिपका.
"आपलं कोण, परकं कोण, हे इथं लिहिलेलं असतं.
प्रत्येकाच्यात थोडं वेगळं.
हिच्या राखणदारांनी
आपलंच पीक तण समजून उपटलं."
आई सीड प्लॉटवर रोजानं जायची,
वेगळं दिसेल ते झाड मुळासकट काढायला.
तिला तेवढंच कळलं. पण पुरतं कळलं.
ती आपल्या हातांकडं बघत राहिली.

व्हरांड्यात मावशी म्हणाली,
आमच्यात कुणाला न्हाई.
आत्या म्हणाली, आमच्यात तर ऐकलंबी न्हाई.
मॅडम म्हणाल्या, अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं,
दोन्हीकडं निजलेलं होतं.
"मग काहून उठलं?"
मॅडमनी चष्मा पुसला.
एखादा विषाणू असेल. नसेलही.
"आन् हिचं?" आईनं माझ्याकडं बोट केलं.
मॅडम पुन्हा चष्मा पुसायला लागल्या.

चौदा वर्षं झाली.
मीनल अंबड डेपोत कंडक्टर आहे.
तिकिटाच्या मशीनशेजारी पेन, खिशात गुळाचा खडा.
मे महिन्यात लाइट गेली
की तिची औषधं ओल्या वाळूच्या मडक्यात,
वरून फडकं, फडक्यावर पाणी, ते माझं काम.
शेजारीण अजून म्हणते, लहानपणी गोड लई खाल्लं असंल.
जिलेबी माझी असायची. ती शेवेची.

सोमवारी तिची पहाटेची ड्युटी.
ती गेली की मी तिचं छोटं मशीन काढते,
बोट टोचते.
पाच सेकंद लागतात.
त्या पाच सेकंदांत मी तीच असते.
ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. पंच्याण्णव.
मग पुन्हा मी.
पट्टी पर्समध्ये लपवून
कंपनीच्या कचऱ्यात टाकते.

काल जेवताना ती म्हणाली,
"मशीन आकडे साठवून ठेवतं, माहितीय ना?
ब्याण्णव माझा नव्हे.
इतका शहाणा आकडा
मला वर्षातून एखादा येतो."
माझा घास हातातच.
"मॅडम त्याची सरासरी काढून डोस ठरवतात.
माझ्या लॉटमध्ये भेसळ करू नको."

मग ठेच्याची वाटी माझ्याकडं सरकवली :
"आणि मधोमध टोचत जाऊ नको, दिवसभर ठणकतं.
बोटाच्या कडेला टोच.
सोमवार सोडून.
मी घरात असताना."