छप्पन्न सेकंद

घणसोली गावात, तळ्याच्या अलीकडे,
वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
दर शनिवारी साडेसहाला युद्ध संपतं.
निमकर सर चादर ताणतात,
डावीकडच्या खिळ्याला एक गाठ जास्त,
आणि म्हणतात, हे शहर बघा.
बॉम्ब पडून गेलेत, स्टुडिओला छप्पर नाही,
म्हणून ही माणसं कॅमेरा घेऊन रस्त्यावर आली.
पैसे नव्हते हो.
शैली वगैरे लोक नंतर म्हणाले.

आम्ही सात जण. कधी पाच.
मी पॅथॉलॉजी लॅबमधून थेट, बोटांना स्पिरिटचा वास.
एक विमा एजंट आहे, प्रत्येक सिनेमानंतर विचारतो,
पण तिनं शेवटी केलं काय?

सरांच्या हातात स्टॉपवॉच.
रबाळ्याला पंपांच्या कारखान्यात तेवीस वर्षं
त्यांनी दुसऱ्यांचे हात मोजले:
नट उचलायला दोन, बसवायला चार,
घाम पुसणं तक्त्यात नव्हतं.
त्याच घड्याळानं आता शॉट मोजतात.
बाई खिडकीशी येऊन उभी राहते. खटका.
बाहेर भिंत, भिंतीवर ऊन,
ऊन बोटभर सरकतं. खटका.
"छप्पन्न सेकंद," सर म्हणतात,
"आणि काहीही तयार झालं नाही."
आवाज असा, की बोनस जाहीर झाला.

मी वहीत लिहून घेते.
इटलीतला: रस्ता, खरी माणसं, उसना कोट.
स्वीडनमधला: चेहरा. देव उत्तर देत नाही.
जपानमधला: कॅमेरा चटईच्या उंचीवर,
म्हणजे आपण जेवायला बसतो तेवढ्यावर.
फ्रान्सची पोरं: आधी भांडण, मग सिनेमा.
वही परीक्षेची वाटते. परीक्षा नाही.

किल्ली बायजाक्का मढवीकडे.
आधी उघडायचं, झाडायचं, शेवटी लावायचं.
मधल्या वेळात घरी जाऊन परत यायला
गुडघे तयार नाहीत,
म्हणून ती मागच्या बाकावर, अडकित्ता घेऊन.
खालची इंग्रजी अक्षरं तिला येत नाहीत,
तर मी शेजारी बसून कुजबुजते:
तो म्हणतो, मी उद्या जाणार.
ती म्हणते, जा.
तो म्हणतो, पत्र लिहीन.

अडकित्ता थांबला.
"पोरी, तू जरा गप ऱ्हा.
तो लिवनार नाय. मना दिसतं."

मी गप्प झाले.
माझाच आवाज कानाजवळून गेल्यावर
त्यांच्या खोलीतला नळ ऐकू आला,
केव्हापासून ठिबकत होता कुणास ठाऊक.

मग पडक्या भिंती आल्या,
अर्धा जिना, त्याच्या वर नुसतं आकाश,
आणि एक मुलगा विटांमधून चालत राहिला,
कुठं पोचेना.
एजंटनं जांभई दिली.
बायजाक्का बोलली, कुणाला उद्देशून नाही:
"आमची पन खाजनान शेती व्हती.
भात. पल्याड मिठागर.
सिडकोचा मानूस फोटू काढाला आला,
एकच काढला. माजे सासऱ्याचा, हातान पाटी धरून.
शेताचा नाय काढला."
एवढंच. परत सुपारी.

मुलगा अजून चालतच होता.
सरांनी खटका दाबला नव्हता,
की दाबायचा राहिला, मला अंधारात दिसलं नाही.
माझ्या वहीत त्या शॉटसमोर
लांबीचा रकाना कोरा आहे.

नऊला दिवे. चादरीची घडी.
कुलूप खाडीच्या हवेनं गंजलेलं, किल्ली अडते.
आम्ही जिन्यात दाटीवाटीनं थांबलो,
खालून बोंबील तळल्याचा वास,
कुणीतरी मोबाइलचा उजेड धरलेला.
तिनं किल्ली काढली, पदराला पुसली,
पुन्हा घातली, मनगट उलटं फिरवलं,
पुन्हा काढली.
एजंट म्हणाला, आणा, मी लावतो.
सर म्हणाले,
अहो, थांबा.
बघा जरा.