पेटी फिरून आली

पासपोर्टाच्या खिडकीत वच्छलाच्या बोटांचे ठसे उमटेनात.
राखेनं भांडी घासून घासून बोटं गुळगुळीत;
मशीनच्या लेखी तिथं बाईच नव्हती.
म्हणून मी एकटा निघालो बहारीनला,
आठ दिवसांसाठी, कुंदाची पोरगी पाहायला.

पेटीत सरगुंडे, मुगाच्या वड्या, तुरीची डाळ,
अन् अगदी तळाशी गोधडी:
वच्छलाच्या तीन जुन्या लुगड्यांची,
तान्ह्याच्या मापाची.
ओळख पटावी म्हणून कडीला लाल चिंधी.

पांढरकवडा डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होतो मी.
घोरणाऱ्यांना हलवून त्यांच्या फाट्यावर उतरवलं,
एकही सवारी पुढे नेली नाही.
त्या माणसाचं मस्कतला काय झालं ऐका.

गाडी बदलायची होती.
(विमान म्हणायची सवय अजून नाही.)
तिकिटावर सव्वाचार, मनगटावर पाच.
गेली, म्हटलं. गेली आपली गाडी.
घड्याळ अजून गावचीच वेळ दाखवतंय
हे माझ्या ध्यानात कुठलं यायला?
बसल्या जागी बसलो असतो तरी पोचलो असतो.
पण मी उठलो, चौकशीची खिडकी शोधत निघालो,
काचेची दारं, आपोआप सरकणारे जिने,
अत्तराची दुकानं, पुन्हा तीच अत्तराची दुकानं.
खिडकी सापडली. आतल्या पोरीनं कागद पाहिला,
मग काचेबाहेर बोट केलं.
ती बघा, आत्ता निघाली.

रात्र बाकड्यावर काढली. शेजारी पोचन्ना,
आदिलाबादचा, सुटीवर घरी चाललेला.
आदिलाबाद म्हणजे पैनगंगा ओलांडली की आलंच.
माझ्याच बशीत बसला असेल कितीदा,
मी तिकीट दिलं असेल, सुटे मागितले असतील,
तोंडाकडे पाहिलं नसेल.
त्यानं विचारलं,
"पांढरकवड्याच्या स्टँडवर आलुबोंडा मिळते का अजून?"
मी हो म्हटलं, अन् मला पुढं बोलताच येईना.

बहारीनला पट्टा फिरत राहिला.
सगळ्यांच्या पेट्या गेल्या, एक बेवारस छत्री उरली,
तिच्या चार फेऱ्या मी उभ्यानं पाहिल्या.
कॉम्प्युटर म्हणे, पेटी इस्तंबूलला.
हे गाव कुठल्या रूटवर, ते मी विचारलं नाही.

जावयाची पँट दोनदा दुमडून घातली.
त्या गार हवेच्या मशीनखाली दोन दिवस ताप.
तापात पोरीजवळ जाऊ देईनात,
दाराच्या फटीतून तिची मूठ तेवढी दिसायची.
वच्छलाचा फोन आला:
"गोधडी पांघरली का पोरीनं?"
"पांघरली ना. गुरफटून झोपली हाय."
कुंदानं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

परत येऊन सोळा दिवस झाले होते.
संध्याकाळच्या बशीतून गजूनं आरोळी मारली,
"मामा, तुमची पेटी आली! लगेजचं तिकीट फाडू का?"
अंगणात उतरवली.
चार देशांच्या चिठ्ठ्या, एक चाक गायब,
लाल चिंधी जशीच्या तशी.

वच्छला दारात उभी होती.
तिनंच कडी उघडली, एकेक वस्तू बाहेर काढली,
वड्या हुंगून पाहिल्या.
तळाशी हात पोचला तेव्हा थोडा वेळ तिथंच राहिला.
मला काही विचारलं नाही.
सरगुंडे उकडले, गूळ-दुधात वाढले,
"खा, नाहीतर किडतील," एवढंच.

रात्री गारठा वाढला. मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.
ती उठली, अंधारात चाचपत आली,
अन् माझ्या अंगावर काहीतरी टाकलं.
पायांपासून ओढून पाहिली,
गुडघ्यापर्यंतच आली.