सत्त्याऐंशी नंबरचा स्वेटर

कर्सियांगला मार्चमध्ये शाळा उघडायची
आणि आमच्या दुकानात ट्रंका येऊन पडायच्या.
बाबा शिंपी. शाळेची यादी भिंतीला टोचून
एकेका कॉलरच्या आत लाल दोऱ्याने नंबर घालायचे,
चादरींना, अभ्र्यांना, मोज्यांच्या दोन्ही पायांना.
तोंडात टाचण्या, त्यामुळे मार्चभर
ते आमच्याशी फक्त भुवयांनी बोलत.

मला नंबर नव्हता.
हजेरीत मोक्तान, आणि त्यापुढे दोन अक्षरं: डी. एस.
साडेचारला घंटा झाली की
त्या चहा-बिस्किटांकडे वळायच्या, मी फाटकाकडे.
त्यानंतरचं सगळं,
दिवे गेल्यावरची भुतं, खाटेखालचा केक,
वॉर्डनबाईंच्या सपातांचा जवळ येत जाणारा आवाज,
मला दुसऱ्या दिवशी मिळायचं, शिळं,
आणि तेही अर्धं.
"जाऊ दे गं, तू नव्हतीस ना."

नसले तरी मी लागायचे.
पत्रं पेटीत टाकायला, बॅटरीचे सेल आणायला,
कंपासपेटीत लपवून डल्ले मिरचीचं लोणचं.
हिशेब चोख. सुटे पैसे परत.

एकदा बाबांना म्हटलं, मलाही घाला नंबर.
त्यांनी टाचण्या एकेक करून काढल्या,
डबीत ठेवल्या.
"जे हरवू शकतं त्याला नंबर असतो.
तू साडेचारला निघतेस, पाचला इथे असतेस."
मला ते उत्तर मुळीच आवडलं नाही.

रुबाइया सिल्हेटची. सत्त्याऐंशी.
म्हणायची, चहा आमच्याकडेही होतो,
पण आमच्या टेकड्या बुटक्या.
प्रार्थनेच्या रांगेत माझ्यामागे असायची.
जुलैत, चार दिवस धुकं हललं नव्हतं तेव्हा,
तिने माझ्या पाठीला नाक लावलं.
"तुझ्या स्वेटरला कुणीतरी स्वयंपाक केल्याचा वास येतो."
मी शरमेने अर्धी झाले.
ओलं लाकूड, मोहरीचं तेल, वर टांगलेलं गुंद्रुक,
रोज सकाळी मी तो स्वेटर खिडकीबाहेर झटकायचे.
ती म्हणाली, "शुक्रवारी बदलूया? सोमवारपर्यंत?"

तिचा घालून उतार उतरले.
त्याला कशाचाच वास नव्हता,
सोडा, आणि दोनशे मुलींच्या कपड्यांत उकळून निघाल्याचा
एक पांढरा वास, एवढंच.
बाबांनी इस्त्री तापेपर्यंत माझी कॉलर उलटून पाहिली.
आपला टाका माणूस ओळखतो.
बोलले नाहीत. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी.
रात्री तो घालूनच झोपले.
लाल दोरा मानेला टोचत होता,
आणि मी डोळे मिटून
हरवून पाहत होते.

सोमवारी रुबाइयाचे हात रिकामे.
माझा स्वेटर चुकून धोब्याच्या गाठोड्यात गेला होता.
बिननंबरी कपड्यांची एक टोपली असते,
तिच्यात दिवाळीपर्यंत मी अधूनमधून हात घालून पाहिला.
"तुझा सापडेपर्यंत माझा ठेव," ती म्हणाली.

डिसेंबरात जीपच्या टपांवर ट्रंका चढल्या,
ताडपत्री, दोर, खाली सिलिगुडीपर्यंत वळणंच वळणं.
सगळ्याजणी ओरडत होत्या, घरी चाललो, घरी!
मी दुकानाच्या पायरीवरून हात हलवला.
मी तर होतेच घरी.
पुढचे तीन महिने ते अख्खं मैदान माझं एकटीचं असे
आणि मला तिथे करण्यासारखं काहीच सुचत नसे.

मार्चमध्ये नवी यादी आली.
सत्त्याऐंशीपुढे लिहिलं होतं: अरेन्ला, मोकोकचुंग.
बाबांनी सुईत लाल दोरा ओवला,
माझ्याकडे पाहिलं, मग दारामागच्या खिळ्याकडे,
आणि भुवयांनी विचारलं, उसवू?

मी नको म्हटलं.
एव्हाना त्याला आमच्या चुलीचा वास लागला होता,
आणि तो मागणारं
वर शाळेत कुणी राहिलं नव्हतं.