कंस

हॅलिफॅक्सच्या कौन्सिलचा घरासाठीचा अर्ज
मी गेल्या हिवाळ्यात बांधला.
अर्जात घर, घरात माणसं,
माणसांत त्यांचे आजार, त्यांचे पगार,
पगारांच्या आत पुन्हा आठवडे.
डब्यात डबा, त्यात डबा,
आणि प्रत्येकाच्या नावामागे चौकोनी कंस:
माणसं, कंसात दोन. आजार, कंसात शून्य.
मोजणी शून्यापासून,
म्हणजे आमच्याकडे पहिला माणूस कुणीच नसतो.

तळाशी बटण: आणखी एक व्यक्ती जोडा.
दाबलं की रिकामी ओळ उगवते,
ओळीच्या टोकाला एक उणे.
त्या उण्याचा मी फारसा विचार केला नव्हता.

मार्चात डोरीन ग्रीनवूड यांचा फोन आला.
एरवी असे फोन माझ्यापर्यंत येत नाहीत,
त्या दिवशी चौकशीवरची नाझमीन रजेवर होती.
"पोरी, तुमचं पत्र आलंय.
ग्रॅहमला महिन्याला ऑक्सिजनचे किती सिलिंडर लागतात, विचारलंय.
ग्रॅहम बिस्किटांच्या गोदामात खोकी उचलतो गं.
आणि एलीचा पगार लिहिलाय,
आठवड्याला तीनशे नव्वद पौंड.
एली सहा वर्षांची आहे."
मग जरा थांबून,
"ऑक्सिजन कीथला होता."

मी अर्ज उघडला.
शून्यावर डोरीन, एकावर कीथ, दोनावर ग्रॅहम, तिनावर नात.
जानेवारीत अर्धा भरून ठेवलेला.
फेब्रुवारीत त्यांनी कीथसमोरचं उणे दाबलं.
एकदाच. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी.
कीथ गेला. ग्रॅहम एकावर सरकला, एली दोनावर.
आजार सरकले नाहीत, पगार सरकले नाहीत.
ते आपला जुना आकडा धरून बसले
आणि त्या आकड्यावर जो आला
त्याच्या छातीत शिरले.

दुरुस्ती लिहायला घेतली, जमेना.
बाहेरचे आकडे पुन्हा मोजावे तर आतले निसटायचे,
आतले बांधून घ्यावे तर बाहेरचे.
पावणेसहाला लॅपटॉप मिटला, टेकडी चढू लागले.
आमच्या रस्त्यावर काळवंडलेल्या दगडाची घरं,
खांद्याला खांदा लावून.
चौदा, सोळा,
मग मोकळी जागा, तिथे कुणाची तरी व्हॅन,
मग वीस.
विसाला कुणी अठरा म्हणत नाही.

तेव्हा बाबा आठवले.
दहिवडीला तलाठी होते.
माणूस गेला की सातबारावरचं नाव ते खोडत नसत.
खाडाखोड म्हणजे गुन्हा,
खोडरबर तर आमच्या घरातही नव्हतं.
नावाला दोन्ही बाजूंनी कंस करायचे,
शेजारी फेरफाराचा नंबर,
खाली वारस.
कंसातला माणूस जमीन कसत नाही, बांधावरून भांडत नाही,
पण जागा सोडत नाही.

रात्री बसून प्रत्येक ओळीला तिची स्वतःची खूण दिली,
रांगेशी देणंघेणं नसलेली.
आता उणे दाबलं की ओळ पुसली जात नाही,
तिच्या पोटात एक लपलेला रकाना भरला जातो:
वगळावे, होय.
सर्व्हर तो वाचतो, मोजणीत धरत नाही.
ज्याचे आजार त्याच्याबरोबर जातात.

गुरुवारी डोरीनना फोन केला, पुन्हा बघा म्हटलं.
माऊसची टिकटिक ऐकू येत होती,
मागे किटलीही.
"ग्रॅहम ठणठणीत. एली बेकार."
हसल्या.
"आणि कीथ?"
"ते तुम्हाला दिसणार नाहीत," मी म्हणाले.
"पण तुमच्याकडे आहे?"

मी हो म्हणाले.
असं किती वर्षं ठेवता येतं
ते वकिलांच्या विभागाला विचारायला हवं होतं.
अजून विचारलेलं नाही.