घट

दारूखान्यात माझी एक वही आहे,
लांबट, लाल कापडाच्या पाठीची.
तिच्यात मी जहाजं लिहिते,
अख्खी नाही, किलोकिलोनं.
लोखंड, पितळ, तांबं, इतर,
आणि कडेला एक अरुंद रकाना : घट.
गंज, मीठ, रंगाचे थर, चिकटलेले शिंपले,
जे काट्यावर भरतं पण विकलं जात नाही
ते घटीत.
शेठ म्हणतो, घट नीट काढ, बाई,
तिच्यावरच आपलं पोट.

(सासरहून परत आले तेव्हा
माझीही काढली होती कुणीतरी.)

मार्चात एक जहाज लागलं,
नाव खरवडलेलं,
कुठल्याशा लिपीतली दोनच अक्षरं उरलेली.
वाचता येईनात, म्हणून मी त्यांचं चित्र काढून ठेवलं.
त्याच्या पोटातून निघालं
एक पोचे पडलेलं पातेलं,
डाव्या पायाची एक चप्पल,
बावीस चमचे,
आणि एक गोल खिडकी, पितळी कड्याची,
काच समुद्र पिऊन हिरवी झालेली.

हरेश्वर घरत, गॅसकटर,
डाव्या भुवईचे केस ठिणगीनं नेलेले,
म्हणाला, ही तोडू नका.
का रे?
आईच्या पाठीशी काही नाही.

आई म्हणजे काट्यामागच्या भिंतीतला
शेंदराचा दगड. कुणी बसवला, ठाऊक नाही.
बिहारची पोरं तिला मैया म्हणतात.
इरफान क्रेन वळवताना तिथं भोंगा वाजवत नाही,
विचारलं तर म्हणतो, झोपली असेल.

शेठ म्हणाला, पितळ आहे. देव नंतर.
सतरा किलो.
दर शनिवारी हरेश्वरच्या नावापुढं
मी तीनशे वजा लिहीत गेले,
सगळा पावसाळाभर.

रात्री तो चिंचेनं कडं घासायचा,
बायका समया घासतात तसं.
बारा वर्षं ज्या हातांनी नुसतं कापलं
ते हात आता जोडायला बसले होते.
चमचे ठोकून त्यानं पाकळ्या केल्या,
एकेक करून कड्याला डाग दिला.
चमच्यांचे पैसे त्याच्याकडं नव्हते.
बावीस नग मी घटीत लिहिले,
माझी पहिली खोटी नोंद.
अक्षर नेहमीपेक्षा जरा चांगलं आलं.

घटस्थापनेला पातेलं पुढं आलं.
दारूखान्याची माती तेलकट,
तीत काही रुजत नाही.
इरफाननं भंडारवाड्याच्या टेकडीवरून
हेल्मेट भरून माती आणली.
आईच्या मागं आता चमच्यांचं फूल,
फुलात खिडकी,
खिडकीत चिखल, आणि चिखलात
आपली पाळी बघत उभं राहिलेलं
पुढचं जहाज.
ती पाठ करून बसलेली. बरंच आहे.

शनिवारी वही लिहिताना अडले.
इकडं ती घट, तिकडं तो घट,
एकाच शाईचे.
शेठनं विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही, हिशेब जुळतोय.

दसऱ्याला काट्याची पूजा असते.
हळद, कुंकू, झेंडूची माळ.
हरेश्वरनं घटातली कोवळी पाती उपटली,
बोटभर, पिवळसर,
मुळांना टेकडीची माती तशीच,
आणि ठेवली काट्यावर.

काटा हलला नाही.
वही उघडून मी
रकाना शोधत राहिले.