बाकी पाच

राज्य परिवहन बंद पडलं त्या वर्षी
चांदोरकर काकांचं नाव एका यादीत आलं :
स्वर्णरेखेवरच्या बोटीचे वाहक.
बोट नव्हती अजून. पाणीही नव्हतं म्हणण्यासारखं.
पण यादी होती, शिक्क्याची,
आणि तिकिटांचं एक पुडकं, गुलाबी, न फाडलेलं.

सगळं लष्कर हसलं.
नाल्यात बोट?
मागच्या दिवाळीत तिथे म्हैस रुतली होती दोन दिवस.

काकांनी भाड्याचा तक्ता केला, शाईनं, पट्टी धरून :
हनुमान बांध ते तारागंज दोन रुपये,
फूलबाग पाच, पडाव सात,
कडेवरचं मूल फुकट,
कोंबडी टोपलीत असेल तरच, अर्धं तिकीट.

संध्याकाळी काठानं चालत.
काठ सिमेंटचा, नवा, दिवसभर भाजलेला.
"बोट चालेल तेवढंच चालतो मी," म्हणायचे,
"बाराशे पावलं, मग थांबा."
थांब्यावर पत्ते कुटणारे चौघे, एक धोबी, एक गाभण कुत्री.
पुलावरून पोरं ओरडायची :
कंडक्टर साब, पानी कब आएगा?
काका मनगट वर करून घड्याळ बघत.
"लेट है."

एक घोडा जिथे उडी घ्यायला अडला म्हणतात
तिथे मिनिटभर उभे राहायचे.
तक्त्यात ती जागा नव्हती.
मी विचारलं तर म्हणाले, विनंती थांबा.

पाणी आलं, एका मंगळवारी.
कुठूनसं सोडलेलं, कंबरभर, चहाच्या रंगाचं.
पिवळी बोट, झेंडू, बँडवाले.
मी नऊ वर्षांची, मुठीत दहाची नोट, घामानं ओली.
पाहुणे तसेच बसले.
तिकीट काढणारी मी एकटी.
काकांनी टक्कन पंच मारला :
शून्य शून्य शून्य एक, फूलबाग.
"सुट्टे नाहीत."
कानामागचं पेन काढून पाठीमागे लिहिलं
बाकी ५
आणि खाली सही.
"उतरताना घे."

बोट हलली
आणि आपलं गाव मी पहिल्यांदा पाठीकडून पाहिलं :
मोऱ्यांची तोंडं, वाळणारे परकर,
दाढी करता करता साबणासकट थबकलेला एक माणूस.
रस्त्यावरून बघावं तर किल्ला
सारखा कुणाच्या ना कुणाच्या गच्चीआड जातो,
तो अख्खा दिसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि सरकत होता.
मला वाटलं, त्यालाही पडावलाच जायचंय.

मग पंख्यात पॉलिथिन, चिंध्या, कुणाची तरी ओढणी.
मोटार दोनदा खोकली.
तारागंजसुद्धा आलं नव्हतं.
शिडी लावून पाहुण्यांना वर घेतलं,
त्याच गडबडीत मलाही, काखेत हात घालून.
बुधवारी पाणी ओसरलं.
बोट कुशीवर झाली.
काकांनी पुडकं परत केलं, मोजून,
एक कमी,
त्याचे पाच रुपये भरले आणि पावती मागून घेतली.

पुढे नोकरीला आलप्पुळ्याला होते, दोन वर्षं.
तिथे सरकारी बोटीनंच ऑफिस.
दोरी ओढली की घंटा. खाकी सदऱ्यातला वाहक.
शाळेच्या मुली, गॅसचं सिलिंडर,
एकदा तर एक नवरदेव, घाम पुसत.
कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.
पाण्यावरून जाणं म्हणजे नुसतं जाणं.
सुट्टे नेहमी असायचे त्यांच्याकडे.
तरी मी दर वेळी तिकीट उलटून बघायची.
कोरं.

या माघात काकांकडे गेले.
खिडकीबाहेर नाल्यात खांब उभे राहतायत,
वरून मोटारी जाणार म्हणे.
काकांना आता सुनेचं नाव आठवत नाही,
माझंही नाही आठवलं.
पाकिटातून तिकीट काढून दिलं.
उजेडाशी धरलं त्यांनी, उलटलं,
सही ओळखली,
उशीखाली हात घातला,
नाणी वाजली.

मग हात तसाच ठेवून
माझ्याकडे बघून म्हणाले,
"आली का फूलबाग?"