माग कोण चालवतंय

भूदेवी गुंडेटी, वय एकसष्ट, राहणार विडी घरकुल.
वजन विचारलं तर म्हणाली,
"कारखान्यात पान तोलतेत, तंबाखू तोलतेत,
मला कोण तोलणार सिस्टर?"
ताप एकशे तीन, दात वाजतायत,
कुशीला हात लावला की कळवळते.
तरी काट्यावर उभी केली.
एका बाजूला सून, एका बाजूला मी,
मग दोघींनी हळूच हात काढून घेतले.
त्रेचाळीस.
अंदाजे पन्नास लिहिलं असतं
तर कुणाला कळलं नसतं,
तिच्या मूत्रपिंडांशिवाय.

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
हजार विड्या वळून होईतो ती उठत नाही,
उठावं लागू नये म्हणून पीत नाही.
केसपेपरवर याला रकाना नाही.
मी समासात लिहिलं.
डॉक्टर बिराजदारांनी खाली दोन रेघा मारल्या.

आधी लघवी, मग औषध.
सून भांडली, "आई तापानं जळतीय
आणि तुम्ही डबी काय शोधताय?"
पहिला डोस गेला की जंतू तोंड लपवतात,
मग खटला भरायचा कुणावर,
हे तिला सांगायला वेळ नव्हता.
डबी भरली, रक्त घेतलं, नाव चिकटवलं.
दहा मिनिटं.
"कुठल्या औषधानं अंगावर गांधी उठल्या कधी?"
"लेदु, लेदु."

ॲमिकासिन.
कुपीवरची तारीख उजेडात वाचली.
शिकाऊ पोरीनं उत्साहानं सिरिंज उचलली,
तिचं मनगट धरलं.
हे ढोसायचं औषध नाही, बाई.
शंभर मिली सलाईनमध्ये, एक तास,
मिनिटाला तेहतीस थेंब.
पहिली पाच मिनिटं मी स्टुलावर बसून मोजले,
बाकीचे जाता-येता.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला.
तिसऱ्या दिवशी तिनं कडक भाकरी मागितली, शेंगाचटणी मागितली.
सुनेला वाटलं, झालं.
मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.
लघवीचं माप मात्र लिहीत होते:
नऊशे, आठशे, सहाशे.
जिना उतरावा तसा आकडा उतरत होता,
चपला हातात घेऊन.

त्या रात्री अडीच वाजता ती उठून बसली.
"सिस्टर, माग कोण चालवतंय?"

वॉर्डात पंखासुद्धा बंद होता.
"धोट्याचा खडखडाट नाही हो,
पट्टा घासल्यावर शिट्टी वाजते ना, तसली."
सून म्हणाली, म्हातारीला मामंजींची आठवण आली असंल.
ते मागावरच बहिरे झाले,
गेले त्याला बारा वर्षं, माग तर त्याआधीच भंगारात.

असेलही आठवण.
पण मी विचारलं, एका कानात की दोन्ही?
"दोन्ही."
उभं राहिलं की भोवंडतं?
"संध्याकाळपासनं."

सकाळी सहाची कुपी ट्रेमध्ये तशीच ठेवली
आणि बिराजदारांना उठवलं,
शिव्या खायच्या तयारीनं.
ते एवढंच म्हणाले, "काही देऊ नका. क्रिएटिनिन पाठवा."
आली तेव्हा एक होतं.
आता एक पूर्णांक नऊ.
कल्चरही त्याच सकाळी आलं. दुसरं औषध चालणार होतं,
कानाला न शिवणारं.
त्याचाही डोस मूत्रपिंडांना विचारून ठरला.

नवव्या दिवशी घरी गेली.
आकडे जागेवर आले.
शिट्टी कमी झाली, गेली नाही.
"राहू द्या," म्हणाली,
"मालक घरात असल्यासारखं वाटतंय."
सून हसली. मला हसता आलं नाही.
एक रात्र आधी विचारायला हवं होतं मी.

आता हे औषध लावायच्या आधी
प्रत्येकीजवळ वाकून विचारते:
जे इथं नाही, असं काही ऐकू येतंय का?
सतरा नंबरची बाई सगळ्यांना सांगत असते,
या सिस्टरला भुतांचा नाद हाय.